उद्योजक गुगलवर काय टाइप करतो? बिझनेस कोचच्या वेबसाइटसाठी कीवर्ड शोधण्याची पद्धत

लघुउद्योजकांना मार्गदर्शन करणाऱ्या एका परिचितांची वेबसाइट मी पहिल्यांदा तयार केली, तेव्हा मुखपृष्ठाचे शीर्षक ‘बिझनेस कोचिंग, कोल्हापूर’ असे ठेवले होते. पुढच्या दोन महिन्यांत जे फोन आले, त्यांतले बहुतेक पालकांचे होते. अकरावी कॉमर्सची बॅच कधी सुरू होणार, फी किती, मुलींसाठी वेगळा वर्ग आहे का, अशी त्यांची विचारणा असे. चूक त्या पालकांची नव्हती. आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हणजे शिकवणी, आणि राजारामपुरीतल्या कोणत्याही गल्लीतल्या पाट्या वाचल्या तरी हाच अर्थ दिसतो. कारखानदाराला त्याच्या धंद्याची घडी बसवून देणारा माणूस हा या शब्दाचा अर्थ आपल्या व्यवसायातल्या लोकांना माहीत आहे. ज्याला त्या माणसाची गरज आहे, त्याला मात्र तो शब्द सुचत नाही.

मार्गदर्शक स्वतःच्या कामाला जे नाव देतो आणि उद्योजक अडचणीत सापडल्यावर जे शब्द वापरतो, त्या दोहोंत असे अंतर असते. कीवर्ड, म्हणजे लोक शोधपेटीत प्रत्यक्ष टाइप करतात ते शब्द, शोधण्याच्या कामात सर्वाधिक वेळ हे अंतर ओळखण्यासाठी द्यावा लागतो. साधने आणि आकडे त्यानंतर येतात. ज्यांनी नुकतेच असे काम सुरू केले आहे किंवा करू पाहत आहेत, त्यांच्यासाठी ही पद्धत क्रमाने मांडतो.

आधी क्षेत्र नक्की करा

‘सर्व लहान-मोठ्या व्यवसायांसाठी मार्गदर्शन’ असे क्षेत्र धरले, तर एकही कीवर्ड धड हाती लागत नाही, कारण प्रत्येक धंद्याची बोली वेगळी असते. हुपरीच्या चांदी कारागिराच्या तोंडी टंच, घट आणि मजुरी हे शब्द असतात. इचलकरंजीचा यंत्रमागधारक सूत, बीम आणि पीक मजुरी (कापडातल्या आडव्या धाग्यांवर ठरणारी मजुरी) यांविषयी बोलतो. मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी सौदा, अडत आणि कलमे यांविषयी बोलतो. तिघांचीही अडचण शेवटी पैसा अडकण्याची असली, तरी तिघे गुगलवर तीन वेगळी वाक्ये लिहितील.

या लेखापुरते मी एकच क्षेत्र धरतो: कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या भागांतले लहान मशीन शॉप (यंत्रांवर धातूचे सुटे भाग तयार करणारे कारखाने) आणि फौंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) चालवणारे मालक, विशेषतः वडिलांकडून कारखाना हाती घेतलेली दुसरी पिढी. तुमचे क्षेत्र वेगळे असेल, तर उदाहरणे बदलतील. पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: संगणक बंद ठेवून शब्द गोळा करा

एक साधी वही घ्या आणि तुमच्या क्षेत्रातल्या किमान दहा मालकांशी बोला. त्यांना ‘तुम्ही गुगलवर काय शोधता’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर कोणालाही नीट देता येत नाही. गेल्या महिन्यात झोप कशामुळे उडाली होती, हे विचारा. उत्तर मिळेल ते त्याच शब्दांत लिहून घ्या. शुद्ध करू नका, सारांश काढू नका.

उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मी असाच बसलो होतो. दोन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे मशीन) चालू होते, बोलणे कानाजवळ जाऊन करावे लागत होते. मालक साठीचे होते. चहा संपल्यावर ते म्हणाले, “पोरगं म्हणतंय आणखी एक व्हीएमसी घेऊया. पण आहे त्याच मशीनचा तासाचा रेट आपण बरोबर लावतोय का, तेच कळंना.” थोड्या वेळाने कामगारांचा विषय निघाला, तेव्हा म्हणाले, “माणूस शिकवून तयार करायचा, आणि हजारभर जास्त मिळाले की तो एमआयडीसीत जातोय.” या दोन वाक्यांतून माझ्या वहीत चार नोंदी झाल्या: मशीनचा तासाचा रेट, नवीन व्हीएमसी घ्यावी का, ऑपरेटर टिकत नाहीत, शिकलेला कामगार सोडून जातो. त्यांच्या मार्गदर्शकाच्या माहितीपत्रकात याच गोष्टींना ‘कॉस्टिंग स्ट्रॅटेजी’ आणि ‘टॅलेंट रिटेन्शन’ अशी नावे होती. त्या नावांनी शोधणारा मालक मला आजवर भेटलेला नाही.

तुमच्याकडे आधीच असलेला साठाही पाहा. व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न, पहिल्या भेटीपूर्वी भरून घेतलेले फॉर्म, व्याख्यानानंतर लोकांनी विचारलेल्या शंका, यूट्यूबवरच्या मराठी उद्योगविषयक व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया, या सर्वांत लोकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली वाक्ये सापडतात. पन्नास-साठ नोंदी होईपर्यंत पुढच्या पायरीकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण ती वगळतात आणि थेट साधनांकडे वळतात. मग सर्वांच्या हाती तेच पाच-सहा झिजलेले शब्द येतात.

दुसरी पायरी: प्रत्येक नोंद गुगलला विचारून पाहा

आता वहीतली एकेक नोंद शोधपेटीत टाका, पण एकदम पूर्ण लिहून एंटर दाबू नका. ‘मशीन’ लिहून थांबा, खाली उघडणाऱ्या सूचना वाचा. मग ‘मशीन आवर’ लिहा, पुन्हा वाचा. मग ‘मशीन आवर रेट’. लोकांनी केलेल्या खऱ्या शोधांचा या सूचनांना आधार असतो, म्हणून त्या फुकट मिळणारे पहिले मार्गदर्शन आहेत. निकालाच्या पानावर लोक आणखी काय विचारतात हे दाखवणारी चौकट आणि संबंधित शोधांची यादी दिसली, तर तीही उतरवून घ्या. हेच यूट्यूबच्या शोधपेटीतही करा, कारण आपल्याकडचे अनेक कारखानदार वाचण्याआधी व्हिडिओ पाहतात.

प्रत्येक नोंद तीन रूपांत तपासावी लागते: देवनागरीत मराठी, रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी, आणि सरळ इंग्रजी. पन्नाशीपुढचे मालक बहुधा माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलतात. तरुण मुले रोमन अक्षरांत मराठी लिहितात. आणि मशीनशी संबंधित तांत्रिक शब्द जवळपास सगळेच इंग्रजीत शोधतात. तिन्ही रूपांचे निकाल अनेकदा पूर्ण वेगळे येतात. फौंड्री, फाउंड्री आणि फाऊंड्री अशा लेखनभेदांची मात्र फार चिंता करू नका. असे भेद गुगल बऱ्याच अंशी ओळखते, आणि एकाच परिच्छेदात तिन्ही रूपे कोंबली तर वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. शिवाय शब्दांचा असा भरणा गुगलच्या स्पॅमविषयक धोरणांच्या विरुद्ध आहे.

खासगी विंडो उघडली म्हणजे निकाल तटस्थ झाले, असाही एक समज आहे. खासगी विंडोत तुमचा जुना शोध-इतिहास वापरला जात नाही, पण तुम्ही कोल्हापुरात बसला आहात हे गुगलला अंदाजाने कळतेच. तुमचे गिऱ्हाईक सांगली किंवा कराडला असेल, तर तिथल्या एखाद्या परिचिताला तोच शोध घ्यायला सांगून निकालाचा स्क्रीनशॉट मागवावा.

तिसरी पायरी: शोधणारा कोण आहे, हे ओळखा

या पायरीवर मी नवोदितांना सर्वाधिक वेळ थांबायला सांगतो. दोन शब्दसमूह दिसायला सारखे असतात, पण त्यांमागची माणसे वेगळी असतात.

‘फौंड्री कोल्हापूर’ हा शोध घ्या. तो कोण घेईल? पुण्याच्या कंपनीचा खरेदी विभाग, आयटीआय झालेला आणि नोकरी शोधणारा मुलगा, प्रकल्प अहवाल लिहिणारा विद्यार्थी. फौंड्रीचा मालक स्वतः हा शोध घेणार नाही. फौंड्री त्याच्या घरचीच आहे. जॉबवर्क म्हणजे दुसऱ्याचे काम मजुरीवर करून देणे; ‘व्हीएमसी जॉबवर्क कोल्हापूर’ लिहिणाऱ्याला बहुधा काम करून घ्यायचे आहे किंवा काम मिळवायचे आहे. ‘व्हीएमसी मशीनचा तासाचा रेट कसा काढावा’ असे लिहिणारा मात्र बहुतेक वेळा मालक असतो, आणि तो नेमका दर ठरवण्याच्या गोंधळात असतो. तिसरा शोध पहिल्या दोहोंपेक्षा कितीतरी कमी लोक घेत असतील, तरी मार्गदर्शकासाठी तोच मोलाचा आहे.

प्रत्येक नोंदीपुढे म्हणून दोन गोष्टी लिहा: हे कोण लिहीत असेल, आणि त्याला या क्षणी काय हवे असेल. हवे असलेल्या गोष्टीचे ढोबळ तीन प्रकार होतात. कोणाला माहिती हवी असते, जसे ‘कास्टिंग रिजेक्शन (ओतकामातला नापास माल) कमी कसे करावे’. कोणी पर्यायांची तुलना करत असतो, जसे ‘बिझनेस कोच की कन्सल्टंट’. कोणी माणूसच शोधत असतो, जसे ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सल्टंट कोल्हापूर’. शेवटच्या प्रकारातले शोध सर्वांत कमी, पण फोन येण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त. जे शब्द आपले नाहीत असे ठरते, ते खोडू नका. त्यांची वेगळी यादी ठेवा. पुढे कधी जाहिरात दिली, तर हे शब्द वगळण्यासाठी तीच यादी कामी येते.

आणखी एक नमुना पाहा. ‘पेमेंट ४५ दिवस नियम’ असे लिहिणारा पुरवठादार मोठ्या कंपनीकडे अडकलेल्या बिलामुळे बेजार झालेला असतो. त्याला नियम हवा आहे, आणि तो अचूक द्यायला हवा: सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे चुकते करण्याची मुदत लेखी करार असला तरी ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही, करार नसेल तर ती १५ दिवसांची असते, आणि उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. पण याच माणसाला हेही माहीत असते की एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली, तर पुढची ऑर्डर जाईल. त्याचा खरा प्रश्न तिथे आहे, आणि उधारीची शिस्त कशी लावावी, एकाच गिऱ्हाइकावरचे अवलंबन कसे कमी करावे, हे सांगणे मार्गदर्शकाचे काम आहे. कायद्यातली पुढची कारवाई वकील किंवा सीए यांच्याकडे सोपवावी आणि पानावर तसे स्पष्ट लिहावे.

चौथी पायरी: आकडे पाहा, पण त्यांना घाबरू नका

एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो, याचा अंदाज गुगल कीवर्ड प्लॅनर देतो. तो वापरण्यासाठी गुगल ॲड्सचे, म्हणजे गुगलवर जाहिरात देण्याचे, खाते लागते. जाहिरातीवर खर्च होत नसलेल्या खात्याला तो नेमका आकडा न देता दरमहा १० ते १००, १०० ते १,००० असा पल्ला दाखवतो. ठिकाण आणि भाषा आधी बदलून घ्या. सगळ्या भारताचा आकडा पाहून कोल्हापूरचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. तिथला ‘स्पर्धा’ हा रकाना नवख्यांना हमखास चकवतो. त्या शब्दासाठी किती जाहिरातदार चढाओढ करत आहेत, एवढेच तो सांगतो. विनामूल्य निकालांत वर येणे सोपे की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मराठी आणि अतिशय नेमक्या शब्दांसमोर प्लॅनरमध्ये बहुधा काहीच दिसणार नाही. ते पाहून शब्द टाकून देऊ नये. रिकामा रकाना म्हणजे शून्य माणसे असे नव्हे, आणि वर्षाकाठी आठ-दहा नवे उद्योजक हाताळणाऱ्या मार्गदर्शकाला हजारोंच्या गर्दीची गरजही नसते. वहीत तोच प्रश्न चार वेगवेगळ्या मालकांच्या तोंडून आला असेल, तर मी प्लॅनरपेक्षा वहीवर विश्वास ठेवतो.

शब्दांच्या शोधाचा कल दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सचा उपयोग तुलनेपुरता करावा. तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसून त्या काळातल्या सर्वोच्च बिंदूच्या तुलनेतले प्रमाण असते. ‘बिझनेस कोच’ आणि ‘बिझनेस कन्सल्टंट’ यांपैकी महाराष्ट्रात कोणता शब्द अधिक रुळलेला आहे, असे प्रश्न तिथे चांगले सुटतात. पैसे देऊन घेण्याच्या साधनांची पहिल्या वर्षी गरज नाही.

पाचवी पायरी: पहिल्या पानावर कोण बसले आहे?

उरलेल्या प्रत्येक शब्दाचे पहिले दहा निकाल उघडून वाचा. नुसती नावे पाहू नका, पाने वाचा. मोठी व्यवसाय-सूची देणारी संकेतस्थळे, राष्ट्रीय वृत्तपत्रे आणि सरकारी पाने यांनीच जागा भरली असेल, तर तो शब्द सध्या बाजूला ठेवा. इंग्रजीतले सर्वसाधारण लेख, विषयाशी जेमतेम संबंध असलेले व्हिडिओ किंवा यंत्राने भाषांतर केलेली मराठी पाने दिसत असतील, तर तिथे जागा आहे. मशीन शॉपच्या दरासारख्या विषयावर मालकाला समजेल अशा मराठीत, आकडेमोडीसह लिहिलेले पान कोणी लिहिले नसेल, तर ते तुम्ही लिहायचे आहे.

असे पान कसे असावे, याचा छोटा नमुना देतो. मशीनची किंमत २४ लाख रुपये, आयुष्य १० वर्षे धरले, तर वर्षाला २ लाख ४० हजार रुपये घसारा पडतो. वर्षात ३०० दिवस आणि दिवसाला ८ तास मशीन प्रत्यक्ष चालते असे मानले, तर २,४०० तास होतात, म्हणजे तासाला १०० रुपये केवळ मशीनच्या झिजेचे. त्यावर कर्जाचे व्याज, वीज, ऑपरेटरचा पगार, टूलचा खर्च, देखभाल आणि जागेचे भाडे चढते. आता तेच मशीन दिवसाला ५ तासच चालले, तर झिजेचाच भार १६० रुपयांवर जातो. हे गणित वाचताना मालकाला स्वतःचे रिकामे उभे असलेले मशीन डोळ्यांसमोर दिसते, आणि हे लिहिणाऱ्याशी बोलावे असे त्याला वाटते. शब्द कितीही अचूक निवडला, तरी पानावर असे काही नसेल तर तो आला तसा निघून जाईल.

सहावी पायरी: गट पाडा आणि पाने ठरवा

आता एक एक्सेल शीट करा. रकाने एवढे पुरेत: शब्द, कोणाच्या तोंडून आला, शोधणारा कोण, काय हवे आहे, प्लॅनरचा पल्ला, पहिल्या पानावर कोण, आणि आपले कोणते पान. ज्या शब्दांचे उत्तर एकाच पानात मिळते, ते एका गटात घाला. ‘मशीन आवर रेट’, ‘तासाचा रेट कसा काढावा’ आणि ‘जॉबवर्कचा दर कसा ठरवावा’ या तिघांसाठी एकच पान पुरते. तिघांची तीन पाने केली, तर ती एकमेकांशीच स्पर्धा करतात आणि बहुधा एकही वर येत नाही.

सुरुवातीला दहा-बारा गट निवडा, त्याहून जास्त नको. निवडताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: या प्रश्नाचे उत्तर आपल्या मार्गदर्शकाने खऱ्या कारखान्यात प्रत्यक्ष दिले आहे का? नसेल, तर शब्द कितीही आकर्षक असो, तो सोडून द्यावा. कामाविना लिहिलेले पान उद्यमनगरातला माणूस दोन ओळींत ओळखतो.

गटातला मुख्य शब्द पानाच्या शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि एखाद्या उपशीर्षकात सहज बसेल तसा घ्यावा. पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या ‘मेटा कीवर्ड्स’ या टॅगमध्ये कीवर्डची लांबलचक यादी भरण्याचा सल्ला अजूनही दिला जातो; त्या टॅगचा क्रमवारीसाठी उपयोग करत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलेले आहे. त्यावर वेळ घालवू नका. ठिकाणाचे नाव मात्र सेवा देणाऱ्या पानांवर जरूर यावे, आणि ‘कोल्हापूर’ एवढ्यावर न थांबता तुम्ही जिथे खरोखर जाता त्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींची नावेही यावीत. माहिती देणाऱ्या पानांवर गावाच्या नावाची सक्ती नको. दराचे गणित सांगलीच्या मालकालाही तेच लागू पडते.

सातवी पायरी: सर्च कन्सोल

वेबसाइट सुरू होईल त्याच दिवशी ती गुगल सर्च कन्सोलला जोडा, कारण हे साधन तुमच्या स्वतःच्या पानांविषयीचे खरे शब्द दाखवते: कोणत्या शोधात तुमचे पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले. ही माहिती १६ महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येते. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात, त्यामुळे बेरीज जुळत नाही; तिकडे लक्ष देऊ नका. गुगल बिझनेस प्रोफाइल असेल, तर लोक कोणते शब्द लिहून त्या प्रोफाइलपर्यंत आले, हे तिथेही दिसते.

तीन महिन्यांनंतर ही यादी वहीशेजारी ठेवून वाचा. पान बऱ्याच वेळा दिसले आणि कोणी उघडले नाही, तर शीर्षकात त्या माणसाचा प्रश्न नीट उमटलेला नाही, ते बदला. सरासरी क्रमांक आठ ते वीस यांमध्ये रेंगाळत असेल, तर त्या पानात अजून एखादे उदाहरण, एखादे गणित घाला. आणि ज्या शब्दासाठी तुम्ही पानच लिहिलेले नाही असा एखादा शब्द यादीत पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो सर्वांत आधी घ्या. सुरुवातीला सांगितलेल्या त्या वेबसाइटच्या यादीत ‘वडिलांचा कारखाना पुढे कसा चालवावा’ हा शोध असाच आला. तो आमच्या वहीत नव्हता, प्लॅनरमध्ये तर नव्हताच. शीर्षकातला ‘कोचिंग’ शब्द काढून आम्ही त्या प्रश्नावर एक सविस्तर पान लिहिले. त्यानंतर बॅचची चौकशी करणारे फोन थांबले, आणि त्या पानावरून आलेला पहिला फोन गोकुळ शिरगावच्या एका मुलाचा होता. वडील अजून रोज सकाळी आठला कारखान्यात येतात, त्यांच्यासमोर हिशेबाची नवी पद्धत कशी मांडू, असे तो विचारत होता.